राखाडी दिवे घरी आले आणि निळे झाले

"ताई, दुकानात हे असे नव्हते हो," दार उघडल्या उघडल्या बाई म्हणाल्या आणि दिव्यांचा सल्ला द्यायला आलेल्या मला थेट जेवणाच्या टेबलापाशी घेऊन गेल्या. टेबलावर तीन दिवे लटकत होते. पत्र्याचे, नळकांड्याच्या आकाराचे, आतूनबाहेरून सारखेच गडद राखाडी. दुकानात काढलेल्या फोटोत ते मऊ, धुरकट दिसत होते. समोर मात्र भरून आलेल्या ढगाची निळसर झाक होती. त्यांनी दोन महिने शोधाशोध केली होती, खुर्च्यांच्या कापडाचा तुकडा सोबत नेऊन रंग जुळवला होता. त्यामुळे दुसराच माल घरी आला अशी त्यांची खात्री झाली होती. खोक्यावरचा रंगाचा क्रमांक मी पावतीशी ताडून पाहिला. माल तोच होता.

रंगाची तक्रार त्यांची एकट्यांची. घरातल्या बाकीच्यांचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांच्या यजमानांना संध्याकाळी खोली उदास वाटायची, म्हणून त्यांनी आधीचे पिवळसर बल्ब काढून ६५०० केल्विनचे पांढरे बल्ब बसवले होते. (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा लहान तर पिवळसर, मोठा तर निळसर पांढरा.) "पांढऱ्याचा उजेड जास्त पडतो ना?" त्यांनी विचारलं. तसं नसतं, खोक्यावरचा ल्यूमेनचा, म्हणजे बल्बमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचा, आकडा सारखा असेल तर उजेडही सारखाच, बदलतो तो फक्त रंग. सासरे, म्हणजे आबा, याच टेबलावर पेपर वाचायचे आणि हल्ली वाचता वाचता पेपर दिव्याखाली सरकवत टेबलाच्या मध्यावर न्यायचे. दहा वर्षांची लेक अभ्यासाला इथेच बसायची. तिची काही तक्रार नव्हती, पण वहीवर तिच्याच डोक्याची सावली पडलेली मला दिसत होती.

आधी खोली सांगते, कारण या प्रकरणातला निम्मा दोष दिव्यांचा नाही, खोलीचा आहे. लांबट हॉल, एका टोकाला सोफा, दुसऱ्या टोकाला जेवणाचं टेबल, टेबलामागे मोठी खिडकी. खिडकीतून थेट ऊन कधीच येत नाही, येतो तो फक्त आकाशाचा उजेड. छत जमिनीपासून २८५ सेंटिमीटरवर. टेबल १८० बाय ९०, नारिंगी झाक असलेल्या लाकडाचं, उंची ७५. दिवे १८ सेंटिमीटर व्यासाचे आणि ३० सेंटिमीटर लांब, टेबलापासून ६० सेंटिमीटर वर. बाजूच्या भिंतीवर एक जुनी पांढरी ट्यूब.

पहिल्या संध्याकाळी मी एक साधा प्रयोग केला. एका लटकत्या दिव्यातला पांढरा बल्ब काढून ३००० केल्विनचा उबदार बल्ब लावला. टेबलावरचा उजेड लगेच बदलला, दिव्याचा बाहेरचा रंग मात्र ढिम्म हलला नाही. निळा तो निळाच. मग भिंतीवरची ट्यूब बंद केली आणि कोपऱ्यात माझ्याकडचा एक उबदार दिवा पेटवून ठेवला. बाई जवळ येऊन बघत राहिल्या. निळेपणा उतरला होता. तिन्ही दिवे, अगदी ज्यांच्यात अजून पांढरे बल्ब होते तेसुद्धा, राखाडी दिसत होते.

ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबते. पत्र्याचा, सिमेंटचा, लाकडाचा, म्हणजे आरपार न दिसणारा कुठलाही लटकता दिवा स्वतःच्या बाहेरच्या अंगावर उजेड पाडत नाही. बल्ब आत असतो, उजेड खाली जातो. बाहेरचा राखाडी रंग आपल्याला दिसतो तो दुसऱ्याच्या उजेडात: दिवसा खिडकीच्या आणि रात्री खोलीतल्या इतर दिव्यांच्या. लाल किंवा पिवळ्या शेडवर थोडी निळी झाक आली तर डोळा ती खपवून घेतो. राखाडीला स्वतःचा ठाम रंग नसतो, त्यामुळे समोरून जे येईल ते तो अंगावर घेतो, आणि रंगहीन पृष्ठभागावरचा एवढासा फरकही डोळ्याला चटकन कळतो. म्हणून "कुठला राखाडी घेऊ?" या प्रश्नाला खोली पाहिल्याशिवाय मी उत्तर देत नाही.

दुसऱ्या भेटीला मुद्दाम सकाळी गेले. ट्यूब बंद, सगळे बल्ब बंद, तरी दिवे निळसरच. आकाशाचा उजेड मुळात निळसर असतो हे एक कारण. दुसरं कारण टेबलाचं. बाईंकडून एक पांढरी चादर मागून घेतली आणि पूर्ण टेबल झाकलं. दिव्यांचा निळेपणा निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटला. चादर काढली की परत निळे. लेकीला हा खेळ इतका आवडला की तिने चार-पाच वेळा चादर ओढून बघितली.

मिशेल यूजीन शेवरूल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८३९ साली या गोष्टीचा नियम मांडला. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता आणि तिथे विणल्या जाणाऱ्या कापडातले रंग, विशेषतः काळा, फिके पडतात अशी तक्रार त्याच्याकडे आली होती. त्याने धागे तपासले, तर रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या रंगामुळे तो रंग वेगळा भासत होता. नारिंगीशेजारी ठेवलेला राखाडी निळ्याकडे झुकलेला दिसतो, हिरव्याशेजारचा लालसर दिसतो. या घरात ६० सेंटिमीटर खाली पावणेदोन मीटरहून जास्त नारिंगी लाकूड पसरलेलं होतं आणि वर मुळातच निळी झाक असलेला राखाडी. दुकानात तेच दिवे पांढऱ्या भिंतीसमोर टांगलेले होते.

दिव्याच्या रंगात निळी झाक आहेच, हे कसं कळलं? कोऱ्या पांढऱ्या कागदावर राखाडी वस्तू ठेवली की तिच्यात दडलेला रंग वर येतो. निळा, हिरवा, जांभळा किंवा मातकट, यांतलं काही ना काही बहुतेक राखाडींत असतंच. दिव्याची छताला लागणारी वाटी काढून कागदावर ठेवली तेव्हा बाईंनी स्वतःच सांगितलं, "हा निळाच आहे की." खुर्चीचं कापड ठेवलं तर ते हिरवट. दुकानात मात्र दोन्ही एकसारखे दिसले होते. दोन राखाडी वेगवेगळी रंगद्रव्यं मिसळून बनवलेले असतील तर एका उजेडात ते हुबेहूब जुळू शकतात आणि दुसऱ्या उजेडात फारकत घेऊ शकतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. तुकडा सोबत नेऊन रंग जुळवण्याची त्यांची पद्धत बरोबरच होती. फक्त जुळवणी व्हायला हवी होती घरच्या उजेडात.

आता उजेडाकडे. माझ्या मते रंगापेक्षा हे जास्त गंभीर होतं, कारण निळसर दिव्याची सवय होते, अंधुक वहीची होऊ नये.

जागेवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजणारा लक्स मीटर टेबलाच्या मधोमध, बरोबर दिव्याखाली ठेवला तर १९० लक्स. काठावर, जिथे वही उघडी होती, तिथे ४०. वाचन-लेखनाला साधारण ३०० ते ५०० लक्स धरतात. बल्ब तसे कमी ताकदीचे नव्हते, नऊ वॅटचे, प्रत्येकी सुमारे ८०० ल्यूमेन. मग उजेड गेला कुठे? बराचसा नळकांड्यातच राहिला. गडद राखाडी रंग अंगावर पडलेल्या उजेडाचा साधारण दहावा हिस्सा परत देतो, चांगला पांढरा रंग ८० टक्क्यांहून जास्त. काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्ये वाटणारा राखाडीसुद्धा प्रत्यक्षात १८ टक्केच उजेड परतवतो. फोटोग्राफर वापरतात ते ग्रे कार्ड याच रंगाचं असतं. म्हणजे बाजूंना गेलेला जवळजवळ सगळा उजेड आतल्या भिंती गिळत होत्या.

जो सुटत होता तो अरुंद. बल्ब नळकांड्याच्या तोंडापासून २४ सेंटिमीटर आत होता आणि तोंडाची त्रिज्या ९. हे प्रमाण टेबलापर्यंत ओढत नेलं तर उजेडाचं वर्तुळ जेमतेम ६३ सेंटिमीटर व्यासाचं पडतं. टेबल ९० रुंद. दोन्ही बाजूंना तेरा-चौदा सेंटिमीटरची पट्टी उजेडाबाहेर, आणि माणूस बसतो, लिहितो, वाचतो ते नेमकं त्या पट्टीवर. चेहरे तर त्याहून बाहेर. छतावर काहीच नाही. खाली तीन उजळ चकत्या आणि वर काळोख, यालाच यजमान उदास म्हणत होते.

ड्रॉइंगच्या पांढऱ्या कागदाची सुरळी करून मी मधल्या दिव्यात आतून बसवली. पाच मिनिटांपुरतीच; कागद दिव्यात ठेवून द्यायची वस्तू नव्हे. चकतीची कड मऊ झाली आणि उजेड टेबलाच्या काठापर्यंत सरकला. आबा खुर्ची ओढून त्या दिव्याखाली बसले. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळं पडत जातं. आबांनी दिव्यांबद्दल कधी काही म्हटलं नव्हतं. त्यांना आपली नजर उतरली असं वाटत होतं. नजर तपासून घ्या हे मी सांगितलंच, पण ४० लक्समध्ये त्यांच्या वयाच्या कुणालाही बारीक अक्षर अवघडच जाणार.

या टप्प्यावर ठरलं की दिवे बदलायचे आणि रंग राखाडीच ठेवायचा. बाईंना राखाडी का हवा होता हेही समजून घ्यायला हवं. भिंती पांढऱ्या, लाकूड नारिंगी, पडदे फिके. काळा दिवा तिथे टोचला असता आणि पांढरा विरून गेला असता. त्यांचा अंदाज चुकलेला नव्हता.

स्मोक ग्लासचे, म्हणजे धुरकट राखाडी काचेचे, दिवे त्यांनी आधी हेरून ठेवले होते. दिसायला हलके, खिडकीसमोर टांगले तरी आरपार दिसणारे. पण राखाडी काच उजेड गाळून कमी करते आणि तिच्यामागचा बल्ब बसलेल्या माणसाच्या डोळ्यात जातो. शिवाय धूळ आणि बोटांचे ठसे पेटल्यावर ठळक दिसतात. सिमेंटचे दिवे हाताला फार छान लागतात, पण आतून तेही गडद, आणि वजनदार. कापडी गोल शेड मात्र खरोखर विचारात होती: बाहेरून राखाडी, आत पांढरं अस्तर, वर-खाली दोन्हीकडे उजेड. रात्री पेटल्यावर तिचं कापड स्वतः उजळतं, म्हणजे वर सांगितलेला परक्या उजेडाचा प्रश्न तिथे कमी होतो. स्वयंपाकघर लागूनच, कापड वाफ आणि तेलकटपणा धरणार, म्हणून ती मागे पडली. वेगळ्या खोलीत मी तीच सुचवली असती.

उरला घुमट. पसरट, पत्र्याचा, बाहेरून मॅट राखाडी, आतून पांढरा.

आकार ठरवायला आम्ही पुठ्ठ्याचे घुमट करून दोरीने टांगले. हे मी प्रत्येक घरी करते. फोटोत ४० आणि ५५ सेंटिमीटरमधला फरक कळत नाही. डोक्यावर टांगल्यावर लगेच कळतो. एकच मोठा दिवा घ्यायचा तर टेबलाच्या रुंदीच्या निम्मा ते दोन तृतीयांश, म्हणजे इथे ४५ ते ६० सेंटिमीटर, असा ठोकताळा आहे. पण १८० लांबीच्या टेबलावर एका दिव्याने दोन्ही टोकं अंधारात राहिली असती. म्हणून ४० चे दोन, टोकांपासून ४५ सेंटिमीटर आत, एकमेकांपासून ९० वर. प्रत्येकाच्या वाट्याला टेबलाचा एक चौरस.

उंचीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. टेबलापासून ७५ ते ९० सेंटिमीटर असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पुठ्ठ्याचा घुमट ७५ वर टांगला, आत बल्बच्या जागी एक पांढरा चेंडू बांधला आणि सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं. यजमानांना चेंडू दिसत होता. बसलेल्या मोठ्या माणसाचा डोळा टेबलापासून साधारण ४५ सेंटिमीटर वर असतो. ७५ वर घुमटाची कड बल्बला झाकू शकत नव्हती. दोरी थोडी थोडी सोडत ६५ वर आलो तेव्हा त्यांना चेंडू दिसेनासा झाला. चेहऱ्यांच्या आड घुमट येत नव्हता. पण लेक म्हणाली, "मला अजून दिसतोय." ती बुटकी, तिचा डोळा खाली, तिला घुमटाच्या आतलं जास्त दिसणार.

बल्ब डोळ्याला दिसता कामा नये, हा आग्रह जुना आहे. डॅनिश रचनाकार पाउल हेनिंगसेन याने १९२० च्या दशकात एकाखाली एक शेड रचून हा प्रश्न सोडवला, आणि १९५८ मधला त्याचा पीएच ५ हा लटकता दिवा तर कुठल्याही कोनातून बल्ब दिसू नये अशा बेताने घडवलेला आहे. आमचा उपाय साधा होता: खालच्या टोकाला आरशाचा मुलामा असलेला बल्ब. त्याचा उजेड आधी वर घुमटाच्या पांढऱ्या अंगावर जातो आणि तिथून मऊ होऊन खाली येतो. जुन्या नळकांड्यात हाच बल्ब लावला असता तर जवळजवळ सगळाच उजेड राखाडीत विरला असता.

रंगासाठी चार राखाडींचे वहीच्या पानाएवढे पुठ्ठे रंगवले आणि टेबलावर न ठेवता दिव्याच्या उंचीवर दोरीला टांगले, कारण दिवा तिथूनच दिसणार. सकाळ, दुपार आणि रात्रीचे उबदार दिवे लागल्यावर, असे दोन दिवस बघायला सांगितलं. बाईंनी प्रत्येक पुठ्ठ्यामागे शेरे लिहून ठेवले होते. सर्वांत गडद पुठ्ठा सोफ्यावरून सरळ काळा दिसत होता. मागून खिडकीचा उजेड आला की कुठलाही गडद राखाडी काळी आकृतीच होतो. निळी झाक असलेला दुपारीच बाद झाला. हिरवट झाकेचा खुर्च्यांजवळ चांगला वाटला, पण रात्री मळकट. राहिला तो फिका, किंचित मातकट राखाडी. कागदावर तो जवळजवळ बदामी दिसायचा आणि बाईंचा त्याला विरोधच होता. टेबलावर टांगल्यावर लाकडाच्या नारिंगीने त्याचा मातकटपणा खाल्ला आणि तो निखळ राखाडी दिसू लागला. निळ्याकडे ढकलणाऱ्या खोलीत राखाडी दिसायचं तर रंग आधीच थोडा उलट्या बाजूला झुकलेला लागतो.

बसवण्याचं काम अर्ध्या दिवसात झालं. इलेक्ट्रिशियनला दोनच गोष्टी बजावल्या होत्या: हूक स्लॅबमध्ये धरलेला हवा, खोट्या छताच्या बोर्डाला नाही, आणि पत्र्याचा दिवा आहे तर अर्थिंगची तार जोडलेली हवी. वायर वाटीत थोडी जास्त गुंडाळून ठेवली, पुढे टेबल बदललं तर उंची बदलता यावी म्हणून. जुन्या तीन भोकांपैकी मधलं बुजवलं, बाजूच्या दोन्हींमधून वायर काढून हुकावरून पंधरा सेंटिमीटर आत घेतली. भिंतीवरच्या ट्यूबच्या जागी छताकडे उजेड टाकणारा ३००० केल्विनचा दिवा आला, घुमटांतले बल्बही त्याच रंगाचे, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वरचे. एका नजरेत दिसणारे सगळे दिवे एकाच केल्विनचे असले की राखाडीची निम्मी भांडणं मिटतात.

पंधरा दिवसांनी मीटर घेऊन परत गेले. मधोमध ४००, काठावर २५०. बल्ब तीनचे दोन झाले होते, प्रत्येकाचे ल्यूमेन तेवढेच. वहीवरची सावली फिकी झाली होती. आबांना मात्र २५० पुरत नव्हते, ते मला आधीच वाटलं होतं. त्यांच्या खुर्चीमागे वाकणाऱ्या मानेचा एक वाचनाचा दिवा ठेवला. सगळ्यांचं जेवण आणि एकाचं वाचन एकाच लटकत्या दिव्यावर सोपवायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. जुन्या नळकांड्यांपैकी दोन पुस्तकांच्या कपाटासमोर गेले. तिथे त्यांचा अरुंद उजेड शोभतो.

एक गोष्ट सुटली नाही. सकाळी सोफ्यावरून बघितलं की फिका राखाडी घुमटसुद्धा खिडकीसमोर गडदच दिसतो, आधीच्यापेक्षा कमी, पण दिसतो. बाईंनी खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला. सकाळी तो ओढलेला असतो, तेव्हा घुमट राखाडी दिसतात. आबा पेपर घेऊन बसले की त्या पडदा सरकवतात आणि सगळा उजेड त्यांना देतात.